सहा डेसिबल

मंगळवार, रात्री साडेअकरा.

विनूने निघताना केबलचे टोक टेबलावर ठेवले, ते अजून तसेच आहे. त्याला हात लावावासा वाटत नाही.

अँप्लिफायर समोरच्या भिंतीला नेल्यापासून डॅकपर्यंतचे, म्हणजे डिजिटल गाण्याचा विद्युत संकेत करणाऱ्या यंत्रापर्यंतचे, अंतर 8 मीटर झाले आणि आरसीए या नेहमीच्या साध्या केबलमधून तंबोऱ्याखाली एक घरघर सतत ऐकू येऊ लागली. आरसीएमध्ये संकेताच्या परतीची वाट आणि वरचे जाळीचे आवरण एकच असते. दोन यंत्रांच्या अर्थिंगमध्ये थोडा जरी फरक असला, तरी त्याचा प्रवाह त्याच वाटेने वाहतो आणि 50 हर्ट्झची वीज गाण्यात शिरते. बॅलन्स्ड केबलच्या एक्सएलआर या तीन पिनांच्या जोडणीत 1 नंबरच्या पिनेला आवरण, 2 नंबरला मूळ संकेत आणि 3 नंबरला तोच उलटा केलेला असतो. दोन्ही तारांवर सारखाच चढलेला गोंगाट पुढे वजाबाकीत निघून जातो. परवा समोरच्या कारखान्यातले माग चालू असताना मी स्पीकरला कान लावून पाहिले. घरघर नव्हती.

इथपर्यंत सगळे खरे होते. परतीच्या बोलीवर आणलेली बॅलन्स्ड केबलची ती महागडी जोडी लावल्यापासून तंबोऱ्याच्या तारांची गुंजणारी जवारी उलगडली आहे, ख्यालातला श्वाससुद्धा जवळ आला आहे, असे मी विनूला आज भरभरून सांगितले. त्याने काही न बोलता 100 हर्ट्झचा सूर लावला आणि मल्टिमीटरच्या सुया आधी आरसीएला, मग एक्सएलआरच्या 2 आणि 3 नंबरच्या पिनांना टेकवल्या. आकडे आले 2 व्होल्ट आणि 4 व्होल्ट. दुप्पट व्होल्ट म्हणजे 6 डेसिबल, आणि तीच चीज थोडी मोठ्याने लागली की कानाला ती अधिक चांगली वाटते. नंतर त्याने मला पाठ करून बसवले आणि ती महागडी जोडी व त्याने स्वतः डाग देऊन तयार केलेली साधी बॅलन्स्ड केबल आलटून पालटून लावली. मी 12 पैकी 6 वेळा बरोबर ओळखले. नाणे उडवूनही तेवढेच जमले असते.

"काका, तुमचा कान चुकला नाही. आवाजच मोठा होता," असे तो म्हणाला, आणि ते धीर देण्यासाठीच म्हणाला, हे मला कळते. तरीही तेच वाक्य तेव्हापासून टोचते आहे. आप्पा चोवीस मागांच्या खडखडाटात उभे राहून, मान न वळवता, कोणत्या मागावर धागा तुटला ते सांगत. हा कान आपल्याकडे त्यांच्याकडून आला, असे मी आजवर धरून चाललो होतो. दुसरे त्यांच्याकडून काय आले, ते आज लिहीत नाही. या वयात तोही गेला असेल, तर मग रात्री जागून मी नेमके काय ऐकत होतो?

पण लिहिता लिहिता एक गोष्ट ध्यानात येते आहे. आप्पांचे माग दिवसभर एकाच पट्टीत वाजत असत. त्यांतला एखादा जरा वेगळा ठोकू लागला, की फरक तेवढाच उरे आणि तो त्यांना पकडता येई. मी मात्र आवाज वाढवून बसलो आणि वाढलेल्या आवाजालाच गाण्याची खोली म्हणत राहिलो. विनूने आज आवाज समान केला, म्हणजे आप्पांसारखेच केले. कान तपासायचा असेल, तर तो तसाच तपासायला हवा. माझा अजून एकदाही नीट तपासून झालेला नाही.

ती जोडी उद्या परत करतो. केबल इन्व्हर्टरच्या मागून जाते, म्हणून विनूला चार तारा एकत्र पिळलेली केबल घ्यायला सांगेन. चुंबकीय गोंगाट ती अधिक चांगला रोखते. टोकांना न्यूट्रिक कंपनीचेच प्लग बसव म्हणावे. दाराच्या चौकटीवरून वळण घ्यावे लागते, तेव्हा प्रत्येक बाजूला 8 ऐवजी 10 मीटर.