तुम्ही विचारलंत म्हणून: मोठा टायर टाकू का?

"भाऊ, मोठा टायर टाकी दे ना." आषाढ लागला की शहाद्यातल्या माझ्या टायरच्या दुकानात हे आठवड्यातून दोन-तीनदा ऐकू येतं. पाठोपाठ प्रश्न येतो, मडगार्डच्या बाहेर थोडा आला तर चालतो का? विचारणारा कधी रोज धडगावचा घाट चढणारा असतो, कधी पपईच्या बागेत बोलेरो घालणारा शेतकरी, तर कधी थार घेऊन तोरणमाळला निघालेला पोरगा. मी तिघांनाही आधी ओळंबा दाखवतो. गवंड्याचा असतो तोच. मडगार्डच्या कडेवरून दोरा सोडायचा. टायरची नक्षी दोऱ्याच्या बाहेर दिसली, तर ते चाक मी बसवत नाही.

पूर्वी बसवायचो. माझ्या स्वतःच्या जीपला रुंद टायर आणि बाहेर निघालेले रिम होते, मडगार्डच्या बाहेर चांगले दोन बोटं. एका पावसाळ्यात घाट उतरून येत होतो. मागे मोटारसायकलवर एक दूधवाला होता. काळ्या मातीचा पट्टा संपून डांबर लागलं, मी गाडी वेगात सोडली आणि चाकांना चिकटलेली सगळी माती, तिच्यातल्या खड्यांसकट, त्याच्या अंगावर गेली. आरशात तो रस्त्याच्या कडेला जाताना दिसला. थांबून मागे गेलो. चष्म्याची एक काच तडकली होती, दूध सांडलं होतं. तो मला एक शब्दही बोलला नाही. दुधाचे आणि चष्म्याचे पैसे दिले, पण ती काच नसती तर खडा कुठे लागला असता, हे मी आजही विसरू शकत नाही.

मडगार्ड गाडीसाठी नसतंच, ते मागच्या माणसासाठी असतं. फिरत्या चाकाच्या मागच्या अंगाने माती वर उडते आणि मागून येणारा आपल्याच वेगाने तिच्यात शिरतो. युरोपच्या जुन्या नियमात हे कोनांनी मांडलं होतं. चाकाच्या माथ्यापासून पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश एवढ्या भागात टायरची पूर्ण रुंदी झाकलेली हवी. चाक म्हणजे घड्याळ आणि गाडीचं तोंड डावीकडे असं धरा. अकरापासून दोनच्या जरा अलीकडेपर्यंत छप्पर हवं. मागची कड आसाच्या रेषेपासून १५० मिलिमीटरपेक्षा वर संपता कामा नये. आपल्याकडेही कंपनीला गाडी पास करून घेताना चाकांवरच्या आवरणाची तपासणी द्यावी लागते. आपण चाक बाहेर काढलं की ती तपासणी वाया जाते.

मोठ्या टायरने मिळतं काय, तेही मोजू. बोलेरोला २१५/७५ आर १५ असतो, म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के आणि रिम १५ इंची. त्याचा व्यास साधारण ७०३ मिलिमीटर. २३५/७५ आर १५ टाकला तर ७३३. फरक तीस, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे दीड सेंटिमीटर. एवढ्यासाठी स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८३ च्या पुढे असते, पिकअप जड होतो, ब्रेकवर ताण वाढतो आणि स्टेपनीही बदलावी लागते. काळ्या मातीचं तर विचारूच नका. चांगल्या खोल नक्षीचा टायरसुद्धा चार फेऱ्यांत भरून गुळगुळीत होतो. तिथे थोडं थांबून वाफसा येऊ देणं, म्हणजे माती जराशी सुकू देणं, हाच इलाज.

आता रिमचं. लोक टायरला दोष देतात, पण टायर मडगार्डबाहेर येतो तो बहुतेकदा रिममुळे. त्याच रिमवर वीस मिलिमीटर जास्त रुंद टायर चढवला तर बाहेरच्या बाजूला दहाच वाढतात. रिमवर 'ईटी' म्हणून एक आकडा असतो. रिमची मध्यरेषा आणि रिम गाडीला टेकतो ती जागा, यांतलं मिलिमीटरमधलं अंतर. तो वीसने कमी असलेला रिम घेतला, की चाक आणखी वीस बाहेर. झाले एका बाजूला तीस. स्पेसरचं, म्हणजे रिम बाहेर काढायला मागे घालतात त्या चकतीचं, काम असंच, शिवाय बेअरिंगवर भार वेगळा. रिम विकणारे हा आकडा सांगत नाहीत, याचा मला राग येतो. तुम्ही विचारून घ्या.

आणि कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२: आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. मडगार्डला रबरी पट्टी लावून टायर झाकला की सुटलो, असं समजू नका. गाडीची रुंदी वाढते, तोही बदलच.

म्हणून माझं उत्तर असं, की कंपनीने त्याच मॉडेलला दिलेल्या मापांतलं मोठं माप घ्या. २०२० मध्ये आलेल्या थारला कंपनीनेच २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८ अशी दोन्ही मापं दिली, मडगार्डही त्यांच्या हिशेबाने. बोलेरोवाल्याला मी मूळ मापातच एटी म्हणजे ऑल-टेरेन, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीसाठीच्या, नक्षीचा टायर देतो, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) कंपनीच्या आकड्यापेक्षा कमी न करता. मापाने मोठा नसला तरी धडगावच्या दगडांवर तो पुरून उरतो.

बसवल्यावरही काम संपत नाही. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघायचं, एक चाक लाकडी ठोकळ्यावर चढवून बघायचं, भरल्या गाडीत बघायचं. रिकाम्या गाडीत न घासणारा टायर पपईचे क्रेट भरले की आतल्या बाजूला घासतो. तेव्हा माझ्याकडे याल तर गाडी भरलेलीच आणा.