एक हजार वीसचा आकडा

मी एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. पुस्तकांची देवघेव हल्ली दिवसातला थोडाच वेळ खाते, बाकीचा वेळ लोकांना आकडे शोधून देण्यात जातो. प्रबंध लिहिणारे रेसिडेंट, प्रकल्प अहवालासाठी नर्सिंगच्या मुली, कधी बाहेरचं कुणी. ही हकिगत बाहेरून आलेल्या अशाच एका बाईंची आहे.

२४ नोव्हेंबर २०२१ ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची देशपातळीवरची फॅक्टशीट, म्हणजे मुख्य आकड्यांचं पत्रक, जाहीर केलं. दुसऱ्या दिवसापासून एकच ओळ सगळीकडे फिरू लागली: देशात प्रथमच पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त, १००० पुरुषांमागे १०२० स्त्रिया. टीव्हीवर तेच, वर्तमानपत्रात तेच, व्हॉट्सॲपवर तर फुलांच्या चित्रासकट तेच. डिसेंबर लागल्यावर एक दिवस दुपारी वकीलबाई ग्रंथालयात आल्या. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली जिल्ह्यात जी सल्लागार समिती असते, तिच्यात तीन वैद्यकीय तज्ज्ञ, तीन सामाजिक कार्यकर्ते, एक माहिती-प्रसिद्धीचा अधिकारी आणि एक कायदेतज्ज्ञ असतो. आमच्या जिल्ह्याच्या समितीत त्या कायदेतज्ज्ञ.

"मॅडम, उद्या बैठक आहे," त्या म्हणाल्या. "समितीतल्या एका डॉक्टरांनी ग्रुपवर हे टाकलंय. त्यांचं म्हणणं, आता बायका जास्त झाल्या, मग सोनोग्राफी सेंटरच्या तपासण्यांचा ससेमिरा कशाला? मला विरोध करायचाय. पण आकडा सरकारीच आहे, खोटा म्हणू कशी?"

"खोटा नाहीच आहे," मी म्हटलं. "तो कशाचा आहे एवढंच बघायचंय."

खोटा आकडा निपटायला सोपा असतो. त्याला मूळच नसतं, ते नाही हे दाखवलं की काम झालं. खरा आकडा भलत्या जागी लावला की तो उपटायला मेहनत लागते, आणि ती मेहनत करायला सहसा कुणाला वेळ नसतो. वकीलबाईंनी दुपार मोकळी ठेवली होती, म्हणून मलाही उत्साह आला.

आधी त्यांच्यासमोरच साधा शोध घेतला. वर आल्या त्या सगळ्या स्पर्धा परीक्षांच्या नोट्स. त्यात २०११ च्या जनगणनेचे ९४३ आणि सर्वेक्षणाचे १०२० एकाच तक्त्यात, एकाखाली एक, जणू एकाच मोजणीतले. स्रोत कुठेच नाही. अशा पानांवर मी थांबत नाही. आकडा ज्याने मोजला त्याच्या दारात जायचं. हे सर्वेक्षण १९९२-९३ पासून मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था चालवते. फॅक्टशीटची पीडीएफ उतरवून घेतली आणि छापून त्यांच्या हातात दिली.

सुरुवातीलाच तिसरी ओळ: एकूण लोकसंख्येतलं लिंग गुणोत्तर, १०२०. तिच्या लगेच खाली चौथी ओळ: गेल्या पाच वर्षांत जन्मलेल्या मुलांमधलं जन्मावेळचं लिंग गुणोत्तर, ९२९. एकाच कागदावर, एकाखाली एक. वकीलबाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"म्हणजे हजार मुलग्यांमागे एकाहत्तर मुली कमी?"

"त्या सगळ्याच गर्भलिंगनिदानामुळे कमी झाल्या असं नाही. निसर्गतःच मुलगे थोडे जास्त जन्मतात, शंभर मुलींमागे साधारण एकशे पाच. म्हणजे हजाराला साडेनऊशेच्या आसपास मुली असायला हव्यात. ९२९ त्याच्या खाली आहे. आधीच्या सर्वेक्षणात ९१९ होता, थोडी सुधारणा आहे. पण तुमचा कायदा ज्याच्यासाठी आहे ते या ओळीत दिसतं. वरच्या ओळीत नव्वदीच्या आजीबाईसुद्धा मोजल्यात."

बैठकीपुरतं तेवढं पुरलं असतं. पण वरच्या ओळीचं कोडं त्यांना स्वस्थ बसू देत नव्हतं. जन्मताना मुली कमी, मग मोठेपणी बायका जास्त कशा? बायकांचं आयुष्य थोडं जास्त असतं, हे एक उत्तर. पण दहा वर्षांत ९४३ वरून १०२० व्हायला तेवढं पुरत नाही.

पाचव्या फेरीचा सविस्तर राष्ट्रीय अहवाल तेव्हा यायचा होता. म्हणून चौथ्या फेरीचा जाडजूड अहवाल उघडला, कारण मोजायची रीत तीच. लोकसंख्येच्या तक्त्यात जे धरलेत ते, आदल्या रात्री त्या घरात झोपलेले. पाहुणा आला असेल तर तो धरला, घरचा कर्ता बाहेरगावी असेल तर तो सुटला. शिवाय सर्वेक्षण घरांमध्ये जातं. वसतिगृहं, बराकी, तुरुंग, बांधकामावरच्या मजुरांची वस्ती अशा ठिकाणी राहणारे त्यात येत नाहीत, आणि अशा ठिकाणी राहणारे बहुतेक पुरुष असतात.

त्या एकदम हसल्या. "माझं माहेर रत्नागिरी. आमच्या आळीत गणपती नि शिमगा सोडला तर पुरुष दिसायचे नाहीत. सगळे मुंबईला."

मी २०११ च्या जनगणनेचा जिल्हावार तक्ता काढला. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे स्त्रिया ११०० च्या वर. मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. रत्नागिरीत स्त्रियांचा आकडा मोठा आहे तो चाकरमान्यांमुळे, हे कोकणातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. फॅक्टशीटमध्येही हीच खूण होती. शहरी भागात ९८५, ग्रामीण भागात १०३७. वकीलबाईंनी त्या दोन आकड्यांखाली पेनाने रेघ मारली.

मग मी आणखी एक गोष्ट दाखवली, मला वाटतं ती सगळ्यांत बोलकी होती. २००१ च्या जनगणनेत देशाचं गुणोत्तर ९३३. त्यानंतर पाचेक वर्षांनी, २००५-०६ मध्ये, याच सर्वेक्षणाच्या तिसऱ्या फेरीत ते आलं १०००. पुढे २०११ ची जनगणना म्हणते ९४३. चौथ्या फेरीत पुन्हा ९९१. दोन मोजण्या दोन वेगळ्या रुळांवरून चालल्यात, आणि सर्वेक्षणाचा रूळ कायम वरच आहे. जनगणनेचा आकडा आणि सर्वेक्षणाचा आकडा शेजारी ठेवून "वाढ झाली" म्हणणं चूक आहे.

एवढ्यात पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र, विभागाचा एक रेसिडेंट पुस्तक परत करायला आला. आमचं चाललेलं ऐकून खुर्ची ओढून बसलाच. "मॅडम, मंत्रालयवाले तर ९३७ सांगतात, २०२०-२१ चं."

वकीलबाईंचा चेहरा पडला. आता हा कुठला नवा?

तो आकडाही खराच. आरोग्य विभागाची एचएमआयएस नावाची यंत्रणा आहे. प्रत्येक आरोग्य केंद्र, रुग्णालय दर महिन्याला तिच्यात माहिती भरतं, त्यात किती मुलगे, किती मुली जन्मल्या हेही. 'बेटी बचाओ'ची प्रगती याच आकड्यांवर सांगितली जाते: २०१४-१५ मध्ये ९१८, २०१९-२० मध्ये ९३४, पुढच्या वर्षी ९३७. पण ही नोंद जिथून येते तिथलीच. सरकारी रुग्णालयं भरतात, खासगी सगळी भरत नाहीत. आणि पैसे मोजून लिंग तपासून घेणारं कुटुंब बाळंतपणाला बहुधा कुठे जाणार, याचा अंदाज आपण बांधू शकतो.

त्याच्या शेजारी मी जनगणना करणाऱ्या रजिस्ट्रार जनरलच्या कार्यालयाची नमुना नोंदणी ठेवली, जिला सगळे एसआरएस म्हणतात. तिची पद्धत मला फार आवडते. नमुन्यातल्या गावात किंवा वॉर्डात एक स्थानिक गणक वर्षभर जन्ममृत्यू टिपत राहतो. दर सहा महिन्यांनी वेगळा पर्यवेक्षक येऊन त्याची वही न बघता स्वतः घरोघरी विचारतो. मग दोन्ही याद्या जुळवतात आणि जुळत नाही ते पुन्हा जाऊन तपासतात. देशभर अशा तेव्हा ८८५० जागा होत्या. तिथे २०१५-१७ ची सरासरी ८९६ आणि २०१६-१८ ची ८९९.

तर टेबलावर चार सरकारी आकडे झाले: १०२०, ९३७, ९२९, ८९९. चारही खरे. वकीलबाई म्हणाल्या, "कोर्टात एवढे साक्षीदार असे वेगवेगळं बोलले तर केस उडते."

"उलट बघा," रेसिडेंट म्हणाला. "जन्माबद्दल बोलणारे तिघंच आहेत. आणि तिघंही साडेनऊशेच्या खाली आहेत."

मला ते इतकं नेमकं वाटलं की मी त्याला ते वाक्य कागदावर लिहून द्यायला लावलं.

आता जिल्ह्याचा प्रश्न. ग्रुपवर डॉक्टरांनी जिल्ह्याच्या फॅक्टशीटचा फोटोही टाकला होता, त्यात जन्मावेळचं गुणोत्तर आधीपेक्षा छान वाढलेलं. हा युक्तिवाद पहिल्यापेक्षा अवघड होता, कारण ओळ बरोबर होती. मी नमुन्याचा आकार बघितला. एका जिल्ह्यात साधारण नऊशे घरं. रेसिडेंटने कागदावरच हिशेब मांडला: नऊशे घरांत पाच वर्षांत तीनेकशे बाळं धरू. १५५ मुलगे नि १४५ मुली असतील तर गुणोत्तर ९३५. फक्त दहा बाळं इकडची तिकडे झाली, १४५ मुलगे नि १५५ मुली, तर १०६९. योगायोगानेच इतका फरक पडू शकतो. जिल्ह्याचं लसीकरण किंवा दवाखान्यातली बाळंतपणं यांच्यासाठी ते पत्रक उपयोगी आहे. या एका ओळीसाठी मी ते कुणाला वापरू देणार नाही.

"मग जिल्ह्याचं कुठून घेऊ?"

"जन्म-मृत्यू नोंदणीतून. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे तालुकावार, महिनावार मिळेल. तिथे प्रत्येक नोंदलेला जन्म आहे, नमुना नाही." एक काळजी मात्र सांगितली. जन्म नोंदला जातो तो जिथे झाला तिथे. मोठी रुग्णालयं असलेल्या तालुक्यात शेजारच्या तालुक्यांची बाळंतपणंही जमा होतात. म्हणून आईच्या राहत्या पत्त्यानुसार यादी मागायची.

ग्रंथालय बंद व्हायला आलं होतं. रेसिडेंट म्हणाला, "मॅडम, राज्याचं पत्रक दिलंत का यांना?" महाराष्ट्राचं पत्रक तर वर्षभर आधीच, डिसेंबर २०२० मध्ये आलं होतं. ते उघडलं. एकूण लोकसंख्येत हजार पुरुषांमागे स्त्रिया ९६६. म्हणजे ज्या आकड्यावर आमच्या जिल्ह्यातल्या तपासण्या कमी करायच्या होत्या, तो आमच्या राज्याला लागूच नव्हता. त्याखालची ओळ बघून मात्र तिघांनाही वाईट वाटलं. जन्मावेळचं गुणोत्तर ९१३. आधीच्या फेरीत ९२४ होतं. देशाचा आकडा वर गेला, आपला खाली आला. १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिल्यांदा कायदा करणारं हे राज्य. देशाच्या आनंदाच्या बातमीखाली ही बातमी दबून गेली, याचा मला आजही राग येतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वकीलबाईंचा फोन आला. त्यांनी भाषण केलं नव्हतं, दोन्ही पत्रकांच्या प्रती सदस्यांना वाटून तिसरी आणि चौथी ओळ वाचायला सांगितली होती. डॉक्टरांनी वाद घातला नाही. त्यांनी बातमी वाचली होती, पत्रक पाहिलंच नव्हतं, हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मला ते मोठेपणाचं वाटलं. तपासण्या कमी करायचा विषय तिथेच संपला. उलट नोंदणी विभागाकडून आईच्या पत्त्यानुसार तालुकावार यादी मागवायची, असं इतिवृत्तात लिहिलं गेलं.

पुढच्या आठवड्यात ते डॉक्टर स्वतः ग्रंथालयात आले. त्यांना एसआरएसचे मागचे अहवाल हवे होते, शक्य तितक्या वर्षांचे. सरकारी संकेतस्थळांचे पत्ते बदलत राहतात, म्हणून असे अहवाल मी उतरवल्याची तारीख घालून ग्रंथालयाच्या संगणकावर साठवून ठेवते. सगळे त्यांच्या पेनड्राइव्हवर दिले. जाताना त्यांनी विचारलं, जिल्ह्यातल्या किती खासगी रुग्णालयांची माहिती दर महिन्याला एचएमआयएसमध्ये जाते, हे कुठे कळेल? मी त्यांना जिल्हा आरोग्य कार्यालयातल्या सांख्यिकी शाखेचा नंबर लिहून दिला.