आधी जमिनीवरचा बॉल

लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी असलेल्या स्टिकने बॉल उचलायचा, झेलायचा आणि फेकायचा खेळ. तो शिकायला नवीन मुलं आली की पहिल्या दिवशी सगळ्यांची हौस एकच असते, बॉल लांब फेकायचा. स्टिक हातात आली रे आली की ती डोक्यावर जाते. पहिली दोन वर्षं मीही त्यांना तेच करू दिलं. जोड्या लावायच्या, समोरासमोर उभं करायचं आणि पासिंग सुरू. दहा मिनिटांत मैदानभर बॉल आणि त्यांच्यामागे धावणारी मुलं. तासाभरात एकेकाच्या वाट्याला खरे झेल यायचे तीन, फार तर चार. घरी जाताना त्यांचे चेहरे उतरलेले असायचे. त्यांचं काहीच चुकलेलं नव्हतं. मी क्रम चुकीचा लावला होता.

आता पहिले तीन सराव आम्ही फक्त जमिनीवरचा बॉल उचलतो. नवशिक्यांच्या सामन्यात बॉल हवेत कमी आणि गवतात जास्त असतो. पास चुकतो, झेल सुटतो, कुणाचा तरी धक्का लागतो आणि बॉल खाली. ज्यांना तो उचलता येतो त्यांच्याकडेच खेळ राहतो. शिवाय उचलणं लवकर जमतं, आणि पहिल्याच दिवशी काहीतरी जमल्याचा आनंद घेऊन मूल घरी जातं. माझ्या लेखी याचं मोल फार आहे.

उचलताना बहुतेक मुलं एकच गोष्ट करतात. बॉलपाशी येऊन थांबतात, कमरेत वाकतात आणि स्टिक वरून दाबून बॉल स्वतःकडे ओढतात. मोकळ्या मैदानात हे चालून जातं, पण शेजारी कुणी आलं की बॉल गेलाच. म्हणून मी सांगते, थांबायचं नाही, बॉलच्या पलीकडे पळत जायचं. बॉलच्या दोन पावलं आधीच गुडघे वाकवून खाली बसल्यासारखं व्हायचं. मागचा हात इतका खाली आणायचा की दांडा जमिनीशी जवळजवळ समांतर होईल, आणि दांड्याचं टोक पोटासमोर न ठेवता अंगाच्या बाजूला काढायचं. हे शेवटचं मी पुनःपुन्हा सांगते. स्टिकचं डोकं, म्हणजे जाळीचा भाग, गवतात अडकलं आणि टोक पोटासमोर असलं, तर ते सरळ पोटात बसतं. मागचा हात खाली गेला आहे की नाही हे लांबूनही ओळखता येतं. तो वर राहिला की स्टिकचं डोकं बॉलच्या डोक्यावर आपटतं आणि बॉल पुढे पळतो. मूल म्हणतं, बॉल निसटला. मी म्हणते, नाही, मागचा हात बघ.

बॉल जाळीत आला की तो सांभाळायचा. याला क्रेडल म्हणतात, म्हणजे पाळणा. नाव चांगलं आहे, पण मुलं ते ऐकून स्टिक कवेत घेऊन अख्ख्या खांद्यांनी डुलायला लागतात. काम खरं वरच्या हाताचं आहे, मनगटाचं आणि बोटांचं. खालच्या हाताने दांडा नळीत धरल्यासारखा सैल धरायचा, म्हणजे तो आतल्या आत फिरतो. बॉल का पडत नाही, असं मुलं विचारतात. तेव्हा मी पाण्याची अर्धी भरलेली बादली हाताने गरागरा फिरवून दाखवते. स्टिक वळणावर फिरत असते तोवर बॉल जाळीला चिकटून राहतो. हात घट्ट आवळला की वळण संपलं.

एक मुलगी होती, नऊ वर्षांची. स्टिक इतकी आवळून धरायची की बोटांची पेरं पांढरी पडायची. चार पावलं टाकली की बॉल खाली. ‘सैल धर’ असं मी किती वेळा म्हटलं असेन, पण शब्दाने हात सैल होत नाही. मग मी तिला एका जागी उभं केलं, हातमोजे काढायला लावले आणि डोळे मिटायला सांगितलं. जाळीत कधी बॉल ठेवायचा, कधी नुसतीच बोटाने जाळी दाबायची, आणि तिने ओळखायचं आत बॉल आहे की नाही. पहिल्या तीन वेळा चुकली. चौथ्या वेळी तिने स्टिक हलकेच डाव्या-उजव्या बाजूला वळवली, वजन चाचपून पाहिलं आणि म्हणाली, ‘आहे.’ तिने ओळखण्यासाठी जे केलं तेच क्रेडल होतं. मी तिला फक्त एवढंच म्हटलं, ‘आता हेच करत चाल.’

हा खेळ मी आता सगळ्यांशी खेळते, पण खऱ्या बॉलनेच. लॅक्रॉसचा बॉल भरीव रबराचा असतो, साधारण 142 ते 149 ग्रॅम. सोय म्हणून बरेच जण टेनिसचा बॉल देतात. तो जेमतेम 58 ग्रॅमचा असतो, जाळीत आहे की नाही हे हाताला कळतच नाही. झेल शिकवताना मात्र मी तेवढ्याच आकाराचा मऊ बॉल वापरते, कारण तिथे आधी भीती जायला हवी. बॉल येताना स्टिक पुढे ढकलायची नाही, बॉलबरोबर कानामागे न्यायची. पुढे ढकललेल्या जाळीवरून बॉल टप्पा खाऊन परत जातो.

फेकण्याबद्दल एकच सांगते. एखाद्या मुलाचे सगळे पास स्वतःच्या पायापाशी आपटत असतील, तर मुलाला रागावण्याआधी त्याची स्टिक हातात घ्या. पॉकेट, म्हणजे जाळीची झोळी, खोल झालं की बॉल उशिरा सुटतो आणि खाली जातो. मुलग्यांच्या स्टिकचा नियम असा की बाजूने पाहताना बॉलचा वरचा भाग जाळीच्या कडेच्या पट्टीच्या खाली दिसता कामा नये. मुलींचं पॉकेट त्याहून उथळ असतं, बॉलचा माथा पट्टीच्या वर दिसायलाच हवा. त्यामुळे मुलींना क्रेडल जास्त नेटकं करावं लागतं, आणि बॉल पडला म्हणून कुणी त्यांना बोललं की मला वाईट वाटतं.

पहिल्या दिवशी मी आणखी एक गोष्ट सांगते. हा खेळ उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा. त्यांच्यातले होडिनोशोनी लोक त्याला निर्मात्याने दिलेली देणगी मानतात, आजाऱ्याला बरं वाटावं म्हणूनही खेळतात, आणि त्यांच्यात हिकरीच्या लाकडाच्या स्टिक अजूनही हाताने घडवल्या जातात. म्हणून आमच्याकडे रागाने स्टिक आपटायची नाही. मुलं हे ऐकून घेतात, आणि बहुतेक जण पाळतातही.

सराव संपला की विखुरलेले बॉल पिशवीत भरायचे असतात. हात लावायचा नाही, स्टिकनेच उचलायचे, आणि तेही नावडत्या हाताने. उजव्या हाताच्या मुलाने वर डावा हात धरायचा, डावखुऱ्याने उजवा. पहिल्या आठवड्यात या कामाला वीस मिनिटं लागतात आणि पालक कडेला उभे राहून घड्याळ बघतात. मी घाई करत नाही. मागच्या वेळी त्या नऊ वर्षांच्या मुलीने डाव्या हाताने सहा बॉल आणले. सातवा पिशवीच्या तोंडाशी सांडला, तर ती मागे वळली, गुडघे वाकवले आणि पळतच त्याच्या पलीकडे गेली.