इंदूरच्या उकाड्यात टस्कनीची वाइन

इटलीतील टस्कनी प्रांताच्या मिश्र तांबड्या वाइनविषयी आमच्या इंदूरच्या मित्रमंडळींत एक तक्रार नेहमी ऐकू येते, ती म्हणजे ती फार तुरट लागते. तक्रार खरी आहे. मात्र हा तुरटपणा मुद्दाम राखलेला असतो, आणि तापमान व जेवण नीट जुळवले तर त्याचीच गोडी लागते, असे माझे मत झाले आहे.

या मिश्रणात बहुधा संजिओवेझे हे टस्कनीचे स्वतःचे द्राक्ष मुख्य असते. त्यातून आंबट चेरीची चव आणि तरतरीत आंबटपणा येतो. काबर्ने सोव्हिन्यों हे द्राक्ष गडद रंग आणि भक्कम टॅनिन, म्हणजे तोंडाला तुरट लागणारा घटक, देते, तर मेर्लो हे द्राक्ष थोडा मऊपणा आणते. आज हे मिश्रण स्वाभाविक वाटते, पण कियांती या टस्कनीच्या प्रसिद्ध वाइनच्या जुन्या नियमांत तांबड्या वाइनमध्येही पांढरी द्राक्षे मिसळावी लागत. आंतिनोरी या वाइन बनवणाऱ्या घराण्याच्या १९७१ च्या तिन्यानेल्लो या वाइनने त्या चौकटीबाहेर पाऊल टाकले आणि त्यामुळे इतकी उत्तम वाइन कागदोपत्री साधी ‘टेबल वाइन’, म्हणजे सर्वांत खालच्या वर्गातली, ठरली. १९९२ च्या कायद्याने आयजीटी हा प्रदेशाच्या नावावर आधारलेला वर्ग निर्माण केल्यावर अशा वाइनना सन्मानाचे स्थान मिळाले. सरकारी वर्गवारीवरून चव ठरवू नये, हे तेथील ग्राहकांनी त्याआधीच ओळखले होते.

आता आपल्याकडचा प्रश्न. तांबडी वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी हा सल्ला युरोपातील थंड घरांसाठी आहे. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा इंदूरच्या खोलीत ठेवलेली बाटली उघडली, तर अल्कोहोल नाकात झोंबतो आणि फळाची चव हरवते. वाइन १६ ते १८ अंशांवर असावी, म्हणून बाटली उघडण्यापूर्वी फ्रिजमध्ये ठेवून तेवढी गार करावी. फार गार केली तर मात्र टॅनिन अधिकच कठोर लागते. वाइन तरुण असेल तर तासभर आधी रुंद तोंडाच्या काचेच्या भांड्यात ओतून ठेवावी, म्हणजे हवा लागून तिचा गंध खुलतो. महागडे डिकँटर नसले तरी काही अडत नाही. फार जुनी वाइन इतका वेळ उघडी ठेवू नये.

जेवणाबाबत मी थोडा हट्टी आहे. टॅनिन मांसातील प्रथिनांशी बांधले जाते आणि जिभेवरचा तुरटपणा ओसरतो, म्हणून मंद आचेवर शिजवलेले, मिरे आणि कांद्यावर भर असलेले मटण हा सर्वांत चांगला सोबती होय. तिखट मात्र हात आखडून घालावे, कारण अल्कोहोलमुळे मिरचीचा जाळ वाढतो. शाकाहारी घरात तुपात बुडवलेले बाफले आणि बेताच्या फोडणीचे वरण चालते, खारट जुने चीज तर फारच छान. भुट्ट्याचा कीस मला अतिशय प्रिय असला तरी त्याच्या गोडसरपणापुढे ही वाइन कडवट वाटते. पुरणपोळीचा तर विचारही करू नये.

बाटली एका बैठकीत संपवण्याची घाई नसावी. बूच घट्ट लावून ती फ्रिजमध्ये उभी ठेवली, तर दोन-तीन दिवस चांगली राहते, आणि तरुण वाइन कित्येकदा दुसऱ्या दिवशी अधिक मोकळी लागते; पिण्याआधी थोडा वेळ बाहेर काढून ठेवली म्हणजे झाले.