पोटाचा घेर आणि ताठरता : तपासणीपासून उपचारापर्यंत माझा अनुभव

लिंगाची ताठरता कमी पडू लागली की बहुतेक पुरुष आधी गोळी शोधतात, मग टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं इंजेक्शन. माझ्या डॉक्टरांनी सुरुवात मोजमापाच्या टेपने केली. या सगळ्यातून गेल्यावर माझं ठाम मत झालंय की हाच क्रम बरोबर आहे.

घेर पँटच्या मापावरून धरू नका. पोट सुटलं की पँट पोटाखाली उतरते आणि माप जुनंच राहतं. कुशीत शेवटची बरगडी चाचपा, खाली कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपा, आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप लावा. ती उघड्या अंगावर, जमिनीला समांतर, न आवळता धरायची आणि नेहमीसारखा श्वास सोडून झाल्यावर आकडा वाचायचा. पोट आत ओढलं तर मोजण्यात अर्थ नाही. दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ९० सेंमीपासून पुढे धोका धरतात, युरोपीय पुरुषांसाठी ९४ पासून. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, ही आणखी एक सोपी कसोटी. वजन बेताचं असूनही पोट सुटलेलं असू शकतं, म्हणून नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नये.

आतड्यांभोवती साठलेली चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यातून दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात जातात, इन्सुलिनचा परिणाम कमी होतो आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड कमी बनवू लागतं. लिंगात रक्त भरण्यासाठी वाहिन्या सैलावाव्या लागतात, आणि ते काम याच वायूचं. लिंगाच्या धमन्या जेमतेम १ ते २ मिमी रुंदीच्या, हृदयाच्या ३ ते ४ मिमी. त्यामुळे तोच बिघाड आधी खाली जाणवतो, छातीत नंतर, कधीकधी काही वर्षांनी. म्हणूनच ही तक्रार लाजेपोटी दडवणं मला धोक्याचं वाटतं.

डॉक्टरांकडे पाच प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतात. गेल्या सहा महिन्यांबद्दल विचारतात, गुण २५ पैकी; २१ किंवा कमी आले तर त्रास आहे असं धरतात. पहाटेची ताठरता येते का, हेही विचारतात. ती नीट येत असेल तर मानसिक कारणाकडे लक्ष जातं. त्यानंतर रक्तदाब, उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी). चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी सोबत न्या. रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या काही औषधांनीही ताठरता घटते. पण ती परस्पर बंद करायची नाहीत.

टेस्टोस्टेरॉनच्या चाचणीत घोळ सर्वाधिक होतो. रक्त सकाळी ७ ते ११ च्या दरम्यान, उपाशीपोटी द्यायचं, कारण दुपारपर्यंत पातळी उतरते आणि खाण्यानेही घटते. तापात किंवा आजारपणात चाचणी करू नये. आकडा कमी आला तर दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा तपासल्याशिवाय निदान करत नाहीत. बरेच डॉक्टर ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली कमी मानतात. त्यातही एक खाच आहे : लठ्ठपणात हे हार्मोन वाहून नेणारं एसएचबीजी प्रथिनच घटतं, म्हणून एकूण आकडा खाली दिसतो, पण मोकळं, म्हणजे प्रथिनाला न बांधलेलं टेस्टोस्टेरॉन पुरेसं असू शकतं. ते मोकळं टेस्टोस्टेरॉन, आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून येणारी एलएच व प्रोलॅक्टिन ही हार्मोन्स पाहिल्याशिवाय इंजेक्शनला हो म्हणू नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदूकडून येणारा एलएचचा इशारा थांबतो आणि शुक्राणू बनणं मंदावतं. मूल हवं असेल तर हे आधीच सांगा.

जोरात घोरणं आणि दिवसा पेंग येणं असेल तर झोपेची तपासणीही करून घ्या. श्वास अडून झोप तुटत राहते, आणि टेस्टोस्टेरॉन मुख्यतः झोपेतच वाढतं.

उपाय वेगळा काही नाही. आठवड्यातून चारदा, दर वेळी ४० मिनिटं, दम लागेल असा व्यायाम, निदान सहा महिने. सोबत बेताचं खाणं आणि तंबाखू पूर्ण बंद. नुसत्या पोटाच्या बैठका मारून पोटाचीच चरबी उतरत नाही. घेर उतरू लागला की जांघेच्या वरची चरबीही कमी होते आणि तिच्यात दबलेली लांबी दिसू लागते. लिंग आखूड झाल्याची भीती अनेकदा एवढ्यावरच मिटते.

तोपर्यंत ताठरतेची गोळी घ्यायला हरकत नाही, मात्र डॉक्टरांना विचारूनच. सिल्डेनाफिल ही गोळी संबंधाच्या साधारण तासभर आधी घ्यायची. तुपकट जेवणावर घेतली की असर उशिरा होतो. उत्तेजना नसेल तर ती काहीच करत नाही, आणि ‘गोळी लागूच पडली नाही’ या तक्रारीमागे बरेचदा हीच दोन कारणं असतात. हृदयासाठी नायट्रेट (छातीतल्या दुखण्यावरचं, रक्तवाहिन्या सैलावणारं औषध) चालू असेल तर ही गोळी घ्यायचीच नाही, रक्तदाब जीवघेणा कोसळतो. गोळी घेतल्यावर छातीत दुखलं तर तडक रुग्णालय गाठा आणि कोणती गोळी किती वाजता घेतली हे तिथे पोचताच सांगा.