आधी मूळपदावर, मग बदल: कॉम्पॅक्ट एसयूव्हीसोबतची माझी वर्षं

माझ्या कॉम्पॅक्ट एसयूव्हीने एक लाख किलोमीटर कधीच ओलांडले. इतकी वर्षं एकच गाडी ठेवली की तिच्यात काय बदलावं याबद्दल खूप ऐकायला मिळतं, काय बदलू नये याबद्दल फारच कमी. मी जे काही केलं ते एका क्रमाने केलं. जे झिजलंय ते आधी मूळपदावर आणायचं, गाडी काही आठवडे नेहमीसारखी चालवायची, आणि तरीही उणीव जाणवली तरच नवीन काही बसवायचं. या क्रमामुळे यादीतले निम्मे बदल आपोआप गळाले. जे उरले ते आजही गाडीत आहेत.

या जातीच्या गाडीची ठेवण आधी समजून घ्यायला हवी. दिसायला दणकट असली तरी बहुतेक कॉम्पॅक्ट एसयूव्हींना वेगळी चासी, म्हणजे खालचा स्वतंत्र सांगाडा, नसते. हॅचबॅकसारखी एकसंध बॉडी, ताकद पुढच्या चाकांना, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात) आणि मागे बहुधा टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा, पीळ खाणारा आडवा दांडा). माझीही तशीच आहे. उंचीमुळे गुरुत्वमध्य वर गेलेला असतो, म्हणून वळणावर गाडी फार कलू नये यासाठी स्प्रिंग, शॉकअप आणि अँटी-रोल बार (गाडीचं कलणं रोखणारा आडवा दांडा) यांचा मेळ कारखान्यातच बसवलेला असतो. त्यातलं एक हलवलं की बाकीच्यांचं गणित बदलतं.

सुरुवातीच्या वर्षांत मी मुद्दाम जवळजवळ काहीच बदललं नाही. एक वही मात्र ठेवली. कुठे खाली घासलं, डिकी भरली की मागची बाजू किती बसली, कोणत्या वेगाला कुठून आवाज आला, रात्री कुठे कमी दिसलं, सगळं तारखेसह. पुढे प्रत्येक निर्णयाला ही वही कामी आली. त्या काळात बसवलं ते एवढंच: चांगले मॅट, चारही चाकांना मडफ्लॅप आणि सीट कव्हर. सीट कव्हर निवडताना एक गोष्ट आवर्जून पाहावी. पुढच्या सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर तिथली शिवण फाटून एअरबॅग बाहेर येईल असंच कव्हर हवं. साधं घट्ट कव्हर घातलं तर ऐन वेळी एअरबॅग अडते. सीटच्या कडेला एअरबॅगची पट्टी शिवलेली असते, ती बघूनच मी कव्हर घेतलं.

खरी परीक्षा साठ-सत्तर हजार किलोमीटरच्या आसपास सुरू झाली. गाडी सैल वाटू लागली. खड्ड्यावरून गेलं की पुढून खटखट, हायवेवर स्टिअरिंग किंचित भरकटल्यासारखं, आणि डिकी भरलेली असली की मागची बाजू दोनदा डोलायची. सल्ले आले ते कडक स्प्रिंग आणि उंची वाढवणाऱ्या किटचे. माझ्या मेकॅनिकने गाडी वर घेतली, लोखंडी पट्टी घालून लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा, हलवून दाखवला आणि म्हणाला, “दादा, रबर फाटलंय. नवीन स्प्रिंग घातली तरी ती या फाटक्या रबरावरच बसणार.”

मग आम्ही मोजलं. सपाट जमिनीवर गाडी उभी करून चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर, चारही कोपऱ्यांना. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीज आणि हवा मधे येते, चाकाच्या मध्यापासून मोजलं तर फक्त सस्पेन्शनचं माप मिळतं. पुढची दोन्ही मापं सारखी निघाली. मागची बाजू रिकाम्या गाडीतही थोडी बसलेली होती. स्प्रिंग थकल्या होत्या त्या मागच्याच, पुढचं सगळं दुखणं रबराचं होतं.

लोअर आर्मचे बुश (जोडातली रबरी गादी), अँटी-रोल बारचे बुश, लिंक रॉड, स्ट्रटच्या वरचे माउंट आणि चारही शॉकअप बदलले. शॉकअप नेहमी जोडीने बदलावे, डावा-उजवा एकत्र. या कामातली एक बारकाई अनेकदा सुटते. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी हवेत लटकत असताना घट्ट करू नयेत. आधी हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, आणि तिचं वजन चाकांवर आल्यावर टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराइतकंच घट्ट करणाऱ्या पान्याने, शेवटचा पिळा द्यायचा. बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं. लटकत्या अवस्थेत घट्ट केलं तर गाडी खाली आल्यावर ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मेकॅनिक हे स्वतःहून करत होता, आणि त्याच दिवशी मी ठरवलं की गाडी याच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही.

त्यानंतर व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. अलाइनमेंटचा छापील कागद मागून घ्यायचा, आधीची आणि नंतरची मापं असलेला. टॉर्शन बीमच्या गाडीत मागच्या चाकांचा टो (वरून पाहता चाक आत-बाहेर वळल्याचा कोन) आणि कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) बहुतेक वेळा जुळवता येत नाही, पण तो आकडा बघितला तर बीम वाकला आहे की नाही ते कळतं.

गाडी परत घेऊन हायवेला लागलो तेव्हा स्टिअरिंग पुन्हा सरळ, शांत. पुढची खटखट गेली. कडक स्प्रिंगची इच्छाही गेली. फक्त मागच्या बाजूचं काम उरलं, कारण मी गाडी नेहमी भरून नेतो. तिथे मूळ उंचीच्याच पण किंचित कडक स्प्रिंगची जोडी बसवली. रिकाम्या गाडीत थोडा कडकपणा जाणवतो, हे मान्य. भरलेल्या गाडीत मात्र आता नाक वर उचललं जात नाही, आणि रात्री समोरच्याच्या डोळ्यांत माझा लाइट जात नाही.

उंची वाढवणारं किट मी घेतलं नाही. स्ट्रटवर नुसता स्पेसर (उंची वाढवणारी चकती) टाकला की चाक खाली लोंबकळतं, ड्राइव्ह शाफ्टच्या, म्हणजे चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याच्या, सीव्ही जॉइंटचा (लवचिक सांध्याचा) कोन वाढतो आणि कॅम्बर बदलतो. हाती येतात दोन-तीन सेंटीमीटर. माझ्या वहीत खाली घासल्याच्या नोंदी होत्या त्या बहुतेक भरलेल्या गाडीच्या आणि मागच्या बाजूच्या. नव्या मागच्या स्प्रिंगने ते घासणं बंद झालं.

टायरबद्दल मी बराच काळ विचार केला. मूळ माप २१५/६० आर १६. आकडेवारी अशी: २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ६० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिलिमीटर. दोन्ही बाजूंची उंची आणि १६ इंचाची रिम, म्हणजे ४०६.४ मिलिमीटर, मिळून व्यास सुमारे ६६४ मिलिमीटर. २१५/६५ आर १६ घेतला तर भिंत जवळजवळ १४० मिलिमीटर होते आणि व्यास ६८६. व्यास सव्वातीन टक्क्यांनी वाढतो, जमिनीपासूनची उंची त्याच्या निम्म्याने, म्हणजे साधारण ११ मिलिमीटर. सीव्ही जॉइंटला काहीही त्रास न देता मिळालेली ही उंची, शिवाय भिंत जाड झाल्याने खड्डे मऊ लागतात.

किंमतही द्यावी लागते. चाकाचा व्यास वाढला की स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन नियमावलीप्रमाणे स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही. जास्त दाखवला तर चालतो, खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किलोमीटरपर्यंत. म्हणून आधी जीपीएसवर तपासलं. खरा वेग १०० असताना माझा काटा १०४ च्या आसपास होता, त्यामुळे नव्या टायरवरही तो खऱ्या वेगाच्या खाली गेला नाही. हा फरक गाडीगणिक वेगळा असतो, तेव्हा टायर घेण्याआधीच तपासावा. ओडोमीटरही तीन टक्के कमी मोजतो. नवे टायर घातल्यावर ‘अ‍ॅव्हरेज कमी झालं’ असं वाटतं, त्यातला काही भाग निव्वळ या मोजणीचा असतो. सर्व्हिसचं अंतर मी तेव्हापासून थोडं आधीच धरतो.

टायरच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी मी सोडत नाही. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, मूळपेक्षा कमी नको. ९५ म्हणजे एका टायरला ६९० किलो, ९६ म्हणजे ७१०. आणि भिंतीवरचा चार आकडी शिक्का: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दुकानात पडून जुना झालेला टायर नवीन म्हणून घ्यायचा नाही. स्टेपनी वेगळ्या मापाची राहिली तर तिच्यावर हळू आणि फक्त दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंतच जायचं. चारही चाकांना ताकद असलेल्या गाडीत तर वेगळ्या व्यासाचं चाक पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या कपलिंगवर सतत ताण देतं.

लाइटचं काम मला सर्वात समाधान देऊन गेलं. रात्री कमी दिसायचं ही वहीतली जुनी तक्रार. हेडलाइटच्या काचेचं पॉलिकार्बोनेट, म्हणजे टणक प्लास्टिक, पिवळं, धुरकट झालं होतं. बारीक होत जाणाऱ्या पॉलिश पेपरने ते घासून वर अतिनील किरण रोखणारा थर दिला. हा थर दिला नाही तर काच काही महिन्यांत पुन्हा पिवळी पडते. मग व्होल्टेज मोजलं. एच ४ जातीचा हॅलोजन बल्ब ६०/५५ वॅटचा (अप्पर/डिपर) असतो, आणि हॅलोजनचा उजेड व्होल्टेज घसरलं की त्याच्या कितीतरी पटीने घसरतो. बल्बपाशी १० टक्के कमी व्होल्टेज पोचलं तर उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी उतरतो. माझ्या गाडीत लाइटचा करंट लांबच्या वायरीतून आणि स्विचमधून फिरून जात होता. बॅटरीपासून फ्यूज आणि रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट सोडणारा स्विच) घालून जाड वायरीचा वेगळा हार्नेस ओढला. बल्ब मूळच्याच वॅटचे ठेवले आणि तरी रस्ता उजळला.

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घालायचा आग्रह मला खूप जणांनी केला. रिफ्लेक्टरची वळणं फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी काढलेली असतात. उजेडाचा उगम किंचित सरकला की झोत विस्कटतो, समोरच्याला चकाकतं आणि आपल्याला लांबचं दिसत नाही. समोरून येणाऱ्याला आंधळं करून मला माझा रस्ता नको. शेवटी झोताचा उतार भिंतीवर तपासला. १ टक्का उतार म्हणजे १० मीटरवर १० सेंटीमीटर खाली.

डॅशकॅमची वायर फ्यूजबॉक्समधून घेतली, व्होल्टेज खाली आलं की बंद होणाऱ्या किटसह. पूर्ण चार्ज असलेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीत साधारण १२.६ दाखवते. मी १२.२ ला कॅमेरा बंद होईल असं लावलंय. पुढच्या काचेशेजारच्या खांबातून वायर नेताना ती पडदा-एअरबॅगच्या (खिडक्यांवर उघडणाऱ्या एअरबॅगच्या) मागून न्यावी, वरून आडवी कधीच नाही. हे काम करणाऱ्याला मी पुन्हा उघडून दाखवायला लावलं.

आवाज आणि थरथर कमी व्हावी म्हणून दरवाज्यांच्या पत्र्याला आतून ब्युटाइल रबराचे चिकट तुकडे लावले. पूर्ण झाकायची गरज नसते, मधल्या मोठ्या सपाट भागावर पंचवीस-तीस टक्के पुरतात. खालची पाण्याची भोकं मात्र मोकळी ठेवायची.

बुलबार, व्हील स्पेसर आणि मोठ्या रिम यांना मी ठाम नकार दिला. बुलबार पुढच्या चुरगाळणाऱ्या भागाचं आणि एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडवतो, आणि रस्त्यावर चालणाऱ्या माणसाला त्याची धडक जास्त घातक ठरते. स्पेसरने चाक बाहेर जातं आणि बेअरिंगवरचा भार वाढतो. मोठी रिम म्हणजे जड चाक आणि पातळ टायर, म्हणजे मऊपणासाठी केलेलं सगळं पाण्यात. वर लावायचा रूफ बॉक्स माझ्याकडे आहे, पण लागेल तेव्हाच चढवतो आणि परतल्यावर उतरवतो. छताला चालणाऱ्या वजनात रॅक आणि बॉक्सचं स्वतःचं वजनही धरायचं असतं.

ब्रेक ऑइलकडे मी आधीपेक्षा जास्त लक्ष देतो. डीओटी ४ जातीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषलं की किमान मर्यादा १५५ वर येते. भरलेली गाडी घेऊन मोठा उतार उतरायचा असेल तर हा फरक जिवावर बेततो. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलतो, रंग कसाही दिसो.

सध्या गाडी उभी असताना केबिनमध्ये बारीक थरथर जाणवते आहे, गिअर पडला की किंचित धक्का. इंजिन माउंटचं (इंजिन ज्यावर टेकतं त्या गादीचं) रबर बसलंय असं मेकॅनिकचं मत आहे आणि माझंही. ज्यादा कडक पॉलियुरेथेनचे माउंट सुचवले गेले आहेत, पण त्यांनी थरथर बॉडीत अधिकच उतरते. मूळ जातीचे रबरी माउंट मागवले आहेत. ते बसल्यावर महिनाभर चालवेन, वहीत लिहीन, आणि मगच पुढचं ठरवेन.