डॉल्फिनची केबल आणि वटवाघळाची केबल

गेल्या महिन्यात भोसरीत एका दोन मजली ऑफिसचं केबलिंग घेतलं होतं. क्लायंटचं म्हणणं असं की खालच्या प्रत्येक टेबलापासून वरच्या सर्व्हर रूमपर्यंत डायरेक्ट केबल पाहिजे, शिवाय खालच्या खाली पण सगळं एकमेकांशी फास्ट चाललं पाहिजे, आणि पैसे मात्र कोटेशनमध्ये लिहिलेत तेवढेच. मी म्हटलं साहेब, केबलचा बॉक्स येतो ३०५ मीटरचा, तुमच्या पैशात बॉक्स बसतात मोजके, आता वर जास्त नेली की खाली कमी पडणार आणि खाली जास्त टाकली की वर कमी जाणार, तिसरा रस्ता नाही. तो माणूस माझ्याकडे असं बघत होता की जणू उरलेली केबल मी घरी घेऊन जाणारे.

हे मी रात्री जेवताना चिडून सांगत होतो तर पुतणी हसायलाच लागली. ती झूलॉजीत एमएस्सी करतेय. म्हणाली, "काका, सस्तन प्राण्यांचं पण सेम दुखणं आहे," आणि तिथल्या तिथं मोबाईलवर एक रिसर्च पेपर पाठवला. झालं, त्यानंतर दोन आठवडे मी मेंदूच्या वायरिंगमध्येच अडकलोय, पोरं साइटवरून फोन करतात आणि मी इकडे कांगारूचा मेंदू बघतोय.

तो पेपर २०२० चा, नेचर न्यूरोसायन्स या जर्नलमधला, तेल अवीव युनिव्हर्सिटीच्या लोकांचा. त्यांनी १२३ जातींच्या सस्तन प्राण्यांचे मेंदू एमआरआयमध्ये घातले. दहा ग्रॅमचं वटवाघूळ पण आहे आणि शेकडो किलोचा डॉल्फिन पण आहे. यासाठी म्हणून कुठला प्राणी मारला नाही, जे आधीच मेलेले त्यांचेच मेंदू घेतले (माणसं अर्थातच जिवंत होती, त्यांना मशीनमध्ये झोपवलं). मग प्रत्येक मेंदूचे तुकडे कल्पून कुठला तुकडा कुठल्या तुकड्याशी जोडलाय याचा नकाशा काढला आणि आमच्या भाषेत सांगायचं तर हॉप मोजले, म्हणजे इथून तिथं निरोप जायला मधे किती थांबे लागतात.

मला वाटलं होतं डॉल्फिनला जास्त लागत असतील, एवढा मोठा मेंदू, शिवाय माणूस पहिल्या नंबरात येणार हे तर गृहीतच. तसं काही नाही. मेंदू छोटा असो की मोठा, हॉपचा हिशोब साधारण सारखाच निघतो आणि माणूस पण त्याच रांगेत उभा. आणि माझ्या भोसरीच्या साहेबांसाठी जो मुद्दा आहे तो पुढे आहे. ज्या प्राण्यांत मेंदूच्या डाव्या आणि उजव्या अर्ध्यांमध्ये जोडण्या जास्त, त्यांच्यात एकेका अर्ध्याच्या आतल्या जोडण्या कमी, आणि उलट असेल तर उलट. म्हणजे वरखाली जास्त नेली की मजल्यावर कमी! मी प्रिंटआउट काढून क्लायंटला दाखवणार होतो पण बायकोने अडवलं.

दोन अर्ध्यांना जोडणारा जो मेन डक्ट आहे त्याला कॉर्पस कलोसम म्हणतात, माणसाच्या त्या डक्टमधून वीस कोटींच्या आसपास तारा, म्हणजे पेशींचे लांब धागे, जातात. आता मजा अशी की हा डक्ट सगळ्या सस्तन प्राण्यांना नाहीच. कांगारूसारखे पिशवीवाले प्राणी आणि अंडी घालणारा प्लॅटिपस, यांना कॉर्पस कलोसम नावाची वस्तूच नाही, त्यांच्या तारा खालच्या एका जुन्या वाटेने जातात, अँटिरिअर कमिशर. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटीच्या टीमने २०१८ मध्ये दाखवलं की वाट वेगळी असली तरी डावीकडचा कुठला भाग उजवीकडच्या कुठल्या भागाशी जोडायचा हा प्लॅन बराचसा तोच आहे, म्हणजे प्लॅन आधीचा, डक्ट नंतरचा. हे वाचून मी खरंच थांबलो. आमच्याकडे जुन्या बिल्डिंगचं रिनोव्हेशन असलं की अगदी हेच होतं, नवीन शाफ्ट बांधतात, केबल त्यातून नेतात, पण पॅच पॅनेलवरचे, म्हणजे सगळ्या केबलची टोकं येतात त्या बोर्डावरचे, नंबर तेच ठेवतात कारण ते बदलायचं म्हणजे सगळ्यांचा दिवस वाया.

मोठ्या मेंदूची अडचण वेगळी आहे. मेंदूत करडा भाग असतो, तिथे पेशींची मुख्य वस्ती, आणि पांढरा भाग म्हणजे लांबच्या तारा, पांढरा दिसतो तो तारांवरच्या चरबीच्या इन्सुलेशनमुळे. २००० साली ५९ जातींचे आकडे एकत्र मांडले होते, चिचुंदरीच्या जातीच्या एवढ्याशा प्राण्यापासून हत्तीपर्यंत, त्यात निघालं की करडा भाग १० पट झाला तर पांढरा साधारण १७ पट होतो. माणसं वाढली त्यापेक्षा केबल जास्त वाढली. असंच चालू राहिलं तर बिल्डिंगमध्ये बसायला जागा नाही आणि डक्टच डक्ट. म्हणून मोठा मेंदू सगळ्यांना सगळ्यांशी जोडायच्या भानगडीत पडतच नाही, जवळच्याला जवळचा जोडतो आणि मोजक्या लांबच्या लाइन काही जंक्शनांमधून नेतो. भोसरीत पण शेवटी हेच केलं, खाली एक स्विच, वर एक स्विच, मधे फायबर. साहेबांना अजून पटलेलं नाही पण नेट चालतंय.

आता माझी शंका, कारण मी जन्मजात शंकेखोर आहे आणि टेस्टर लावल्याशिवाय कुठल्याही केबलवर विश्वास ठेवत नाही. हा एमआरआय तारा बघतच नाही. तो पाण्याची हालचाल बघतो, तारेच्या दिशेने पाणी सहज सरकतं आणि आडवं सरकायला त्रास होतो, त्यावरून कॉम्प्युटर अंदाज बांधतो की इथून तार गेली असावी. जिथे दोन बंडल एकमेकांना क्रॉस करतात तिथे अंदाज चुकतो. २०१७ मध्ये वीस टीमना बोलावून परीक्षाच घेतली होती, उत्तर आधीच माहीत असलेला नमुना दिला आणि तारा शोधा म्हटलं, तर बहुतेकांच्या नकाशात खऱ्या बंडलांपेक्षा खोटी बंडलं जास्त निघाली! दुसरं म्हणजे या प्राण्यांच्या नकाशांत वटवाघळाच्या मेंदूचे तुकडे २०० आणि डॉल्फिनच्या मेंदूचे पण २००च. मान्य, तुलना करायची तर माप एकच पाहिजे, पण चाळीतल्या खोलीचे २०० भाग आणि अख्ख्या मॉलचे २०० भाग करून दोन्हीकडे हॉप सारखेच आले म्हटलं तर मी जरा डोकं खाजवणार. पुतणी म्हणते तुम्ही रिव्ह्यूअर व्हायला पाहिजे होतात. असो.

तर खरी तार बघायची असेल तर मेंदूचे पातळ पातळ काप करून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली एकेक तार शोधायला लागते. सगळ्यात आधी हे एका अळीचं झालं, सी. एलिगन्स, लांबी जेमतेम एक मिलिमीटर, न्यूरॉन (निरोप नेणाऱ्या पेशी) मोजून ३०२. केंब्रिजच्या लॅबने १९८६ मध्ये तिचा नकाशा छापला. (३०२ हा उभयलिंगी अळीचा आकडा, नराचे ३८७, जास्तीचे बरेचसे शेपटीत आणि कशासाठी ते तुम्ही ओळखा.) आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत पण हीच अळी पाळतात, तिथलं काम तारेच्या आतून सामानाची ने-आण कशी होते यावर आहे. १९९८ मध्ये हा नकाशा अमेरिकेतल्या वीजवाहिन्या आणि सिनेमातल्या नटांची जाळी यांच्या शेजारी ठेवून मोजला तेव्हा कुठल्याही न्यूरॉनपासून कुठल्याही न्यूरॉनपर्यंत सरासरी तीनपेक्षा कमी हॉप निघाले. ३०२ मध्ये पण जवळचे गट आणि काही लांबच्या लाइन, तोच प्रकार.

मग गाडी एकदम सुटली. ऑक्टोबर २०२४ मध्ये फळमाशीचा अख्खा मेंदू आला, १,३९,२५५ न्यूरॉन आणि पाच कोटींवर जोडण्या, त्यासाठी सातेक हजार काप. तारा जोडायचं काम एआयने केलं पण त्याच्या चुका माणसांनी बसून सुधारल्या, त्यात नुसते हौशी लोक पण होते, आणि ते सगळे तास एकत्र केले तर एका माणसाची ३३ वर्षं होतात. ३३ वर्षं! केबल ट्रेसिंगची! माझा पोरगा एका मजल्याचं ट्रेसिंग सांगितलं तर तोंड पाडतो. एप्रिल २०२५ मध्ये उंदराच्या मेंदूचा मोहरीच्या दाण्याएवढा तुकडा आला, त्यात ८४,००० न्यूरॉन, ५२ कोटी ३० लाख जोडण्या. एवढ्याशा तुकड्यात अख्ख्या माशीच्या दहापट जोडण्या, आणि उंदीर पूर्ण व्हायचाच आहे, माणसाचं तर नावच काढू नका, ८६ अब्ज न्यूरॉन.

पण मला सगळ्यात आवडलं ते परत त्या अळीचंच. एवढा पूर्ण नकाशा, चाळीस वर्षं हातात, मग आता सांगा ना कुठला न्यूरॉन हलवला की कोण हलेल? २०२३ मध्ये प्रिन्सटनच्या लोकांनी खरंच करून बघितलं, अळीचा एकेक न्यूरॉन प्रकाशाने चेतवायचा आणि बाकीचे कोण जागे होतात ते बघायचं. नकाशावरून जे व्हायला पाहिजे आणि जे झालं त्यात चांगलाच फरक. जिथे तार नाही तिथे पण निरोप पोचतोय. कारण न्यूरॉन तारेशिवाय पण बोलतात, छोटी प्रोटीनं सोडतात, न्यूरोपेप्टाइड म्हणतात त्यांना, ती पसरत जाऊन लांबच्या पेशीला गाठतात. त्याच वर्षी केंब्रिजवाल्यांनी या बिनतारी जाळ्याचा पण नकाशा काढला आणि तो तारांच्या नकाशापेक्षा कितीतरी दाट आहे.

मी लगेच पुतणीला मेसेज टाकला, अगं इतकी वर्षं केबलच मोजत बसले आणि आत वायफाय पण चालू होतं, आणि ते कोणालाही मिळतंय, पासवर्ड वगैरे काही नाही. तिचा रिप्लाय आला, "पासवर्ड असतो काका, ज्या पेशीकडे तो असतो तिलाच निरोप लागतो, रिसेप्टर म्हणतात त्याला."